इथं नाही, पुढच्या घरी

प्रिय एलियो,

तू येतोयस हे वाचलं आणि आधी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच रडून घेतलं. बाबांना अजून सांगितलेलं नाही. का, ते सांगते, पण जरा लांबून.

मठाच्या शाळेत सिस्टर गाउदेन्झिया आम्हाला बेफानाची गोष्ट सांगायच्या. तीन राजे तिच्या दारी आले, म्हणाले, बाळ जन्मलंय, चल आमच्याबरोबर. ती म्हणाली, एवढा केर काढते नि निघते. केर काढून बाहेर येते तर राजे दिसेनासे झालेले. तेव्हापासून ती घरोघर ते बाळ शोधते, आणि नेमकं कुठलं ते ठाऊक नाही म्हणून प्रत्येक मुलाच्या मोज्यात खाऊ ठेवून जाते. आम्ही मुली खाऊच्या नावानेच खूश. ती म्हातारी पुढे घरी परतली का, हे कुणी विचारलंच नाही.

बाबा दर वर्षी जानेवारीत तिच्या सणाला बेफाना व्हायचे, आठवतं? माझा काळा घागरा, डोक्याला रुमाल, हातात खराटा. शेजारची झेलिंदा दारातूनच ओरडायची, “अगं बाई, यंदाही मिशी काढायला विसरलीस?” आणि तू, सहा वर्षांचा, माझ्यामागे लपून म्हणालास, “आई, हिचे बूट बाबांसारखेच आहेत.” ते सांगून सांगून बाबा कितीतरी दिवस हसत होते.

यंदा ते द्राक्षं उतरल्यापासूनच निघतात. तोच घागरा, खिशात संत्री. दार वाजवून विचारतात, “मूल इथं आहे का?” झेलिंदा आधी हसली, “अहो आजीबाई, सणाला अवकाश आहे अजून!” बाबा हसले नाहीत. म्हणाले, “मला बोलावलं होतं गं. मी म्हटलं, एवढा केर काढतो. तेवढ्यात सगळे निघून गेले.” झेलिंदाने दार लावून घेतलं आणि आत रडत बसली. आता सगळं गाव एकच सांगतं, “इथं नाही हो, पुढच्या घरी बघा.” मग ते उंबऱ्यावर संत्रं ठेवून पुढे जातात. आपल्याही दारावर थाप मारतात. मीही तेच सांगते.

परवा तुझा नवा फोटो दाखवला. म्हटलं, “ओरेस्ते, हा बघ तुझा एलियो.” त्यांनी चष्मा पुसून नीट पाहिलं. “गृहस्थ चांगले दिसतात,” म्हणाले. “यांच्याकडे मूल आहे का?”

म्हणून हे पत्र. “मला बघितल्यावर बाबा ओळखतील,” असं तू लिहिलंयस. नाही ओळखणार, बाळा. ते शोधतात तो सहा वर्षांचा आहे, आणि तो मलाही कुठून आणता येत नाही. तरी ये. सणाच्या दिवशी थाप पडली की दार तूच उघड. “मीच तो” म्हणू नकोस. ते तुला बाजूला सारून तुझ्यामागे बघतील. इथं नाही, पुढच्या घरी बघा, एवढंच म्हण. आणि ते संत्रं देतील, ते घे.

वाट पाहणारी, तुझीच,
आई