यंत्रमानवाचा आवाज, मुक्काम पोस्ट शेवगाव

१२ फेब्रुवारी १९९५
आजपासून आवाज जपायचा. थंड पाणी बंद, लोणचं बंद, नूरमहंमदच्या टेम्पोत बसून माईकवर ओरडणं बंद. पुण्यात ‘शनीवरची स्वारी’ नावाची टीव्ही मालिका तयार होते आहे, तिच्यातल्या यंत्रमानवाला माझा आवाज लागणार. भाचा महेंद्र तिथल्या स्टुडिओत कामाला आहे, त्याने शब्द टाकला. कुस्त्यांचे फड, तंबूतले सिनेमे, हरवलेल्या म्हशी, शेवगावला सगळं माझ्याच तोंडून कळत आलं. टॅलेंट उशिरा ओळखलं गेलं, इतकंच.

१३ फेब्रुवारी
नूरमहंमद येऊन गेला. साखर कारखान्याची निवडणूक आहे, माईकवर बस म्हणाला. मी म्हणालो, आता आपली लेव्हल बदलली, गोरक्षला बसव. गोरक्षचा आवाज म्हणजे तेल न घातलेला रहाट. नूरमहंमद म्हणाला, “उत्तमभाई, माईक एकदा दुसऱ्याकडं गेला का माघारी येत न्हाई.” जळतो.

१५ फेब्रुवारी
पहाटे पाचला उठून रियाज करायचा ठरवलं होतं. साडेआठला उठलो. गळ्याला झोपही लागतेच. जयमाला हल्ली अंथरूण घेऊन पडवीत जाते. कलाकाराच्या विश्रांतीची कदर असलेली बायको मिळायला नशीब लागतं.

२० फेब्रुवारी, संध्याकाळी
रिकामा डबा तोंडाला लावून यंत्रमानवाचा सराव. शेजारच्या रतनबाईंनी विचारलं, स्वारी कुणावर? शनीवर म्हणालो. “आगं बया! शिंगणापूर इतकं जवळ आन् त्याच्यावरच स्वारी? साडेसाती लागंल की!” त्यांना अर्धा तास सायन्स समजावून सांगितलं. त्यांनी लिंबू-मिरची पाठवली. दाराला बांधली. उगाच वाद नको.

५ मार्च, पुणे
स्टुडिओ एकदम गार. वाक्य होतं, ‘मानवांनो, शरण या! पृथ्वी आता आमची आहे!’ खणखणीत म्हटलं. पुढचं तोंडातून आपोआप निघालं, ‘तरी सर्वांनी वेळेवर उपस्थित राहून सहकार्य करावे, ही नम्र विनंती.’ पुन्हा घेतलं. पुन्हा विनंती. डायरेक्टर म्हणाले, अहो, यंत्रमानव विनंती करत नसतो. माझं मत वेगळं. शनीवरचा झाला म्हणून रीत सोडायची का?
बऱ्याच टेकनंतर ते म्हणाले, तुम्ही जरा तिथेच खुर्चीत टेका. एसटीचा प्रवास, गार हवा, डोळा लागला. उठलो तर रेकॉर्डिंगवाला खूश. म्हणाला, काका, काम झालं, हवा तसा आवाज मिळाला. म्हणजे माझे आधीचे टेकच त्यांना शेवटी पटले. महेंद्र तोंडावर रुमाल धरून उभा होता. मामाचा अभिमान वाटून भरून आलं असणार.

२२ एप्रिल
उद्या पहिला भाग. चौकात टीव्ही मांडायचा. गावभर टेम्पो फिरवला. गोरक्षने पुकारलं, “आपले उत्तमराव टीव्हीवर! तरी सर्वांनी उपस्थित राहावे, ही नम्र विनंती.” पोरगा अगदीच वाईट नाही. जयमालाने नवी साडी काढून ठेवली आहे.

२३ एप्रिल, दुपारी
चौकात मुंगीला जागा नव्हती. यंत्रमानव आला. बोलला. आवाज भलत्याच माणसाचा. मी सांगितलं, मशिनीतून काढला की बदलतो. लोकांनी माना डोलावल्या.
मग यंत्रमानवाला चार्जिंगला लावलं. डोळ्यांचे दिवे मंद झाले आणि आवाज सुरू झाला. घर्रर्र, मधेच बारीक शिट्टी, पुन्हा घर्रर्र. जयमाला ताडकन उभी राहिली. “ह्योच! ह्योच हाय ह्यांचा आवाज! म्या रोज रातच्याला ऐकते की!”
सगळा चौक हसून लोळला. तिच्या डोळ्यांत मात्र पाणी होतं, खरंखुरं, आनंदाचं. तेच जास्त लागलं. घरी येईपर्यंत मान वर करवली नाही.

२५ एप्रिल
लोणचं सुरू केलं. नूरमहंमदकडे जाऊन सरळ माईक मागितला. तो म्हणाला, हा टेम्पो आता गोरक्षकडेच. पण जत्रांच्या दिवसांत दुसरा काढणार आहे, त्यावर बस.
“फकस्त येक कर, उत्तमभाई. माईक चालू ठिवून झोपू नगं.”
हो म्हणालो.