जुन्या पुस्तकातली जास्तीची पानं

संत तुकाराम नगर, पिंपरी
रविवार, दुपार

प्रिय स्वप्नाली,

तुझा मेसेज येऊन आज पाच दिवस झाले. मॅडमनी वाचला तरी उत्तर का दिलं नाही, म्हणून तू वाट बघत असशील. तीनदा लिहायला घेतलं आणि तीनदा पुसून टाकलं. शेवटी वहीची पानं काढून बसले. हे फोनवर लिहिण्यासारखं नाही, आणि बोलण्यासारखं तर त्याहून नाही. तू समोर असलीस की माझ्या तोंडून काय निघतं ते मला चांगलं ठाऊक आहे.

मागच्या महिन्यात नाशिक फाट्याला तू भेटलीस. मी पीएमपी बसच्या खिडकीत होते आणि तू कंपनीच्या बसची वाट बघत उभी होतीस, गळ्यात ओळखपत्र, केस जाळीत घट्ट बांधलेले. खरं सांगते, तू दिसताच मी मान वळवली होती. पण तू हाक मारलीस. सिग्नल लागला होता, तू धावत खिडकीखाली आलीस आणि एका दमात सांगून टाकलंस, की चाकणला गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधायच्या लाइनवर आहेस, आता तपासणीचं काम दिलंय, चूक लगेच दिसते तुला. "मॅडम, तुम्ही म्हणायचात ना, आधी बघायचं, मग बोलायचं, तेच कामाला येतं!" बस हलली तरी तू हात करत होतीस. मी भोसरीला उतरायचं विसरले, पुढच्या स्टॉपवरून चालत मागे आले.

तुला आठवतं, दहावीच्या वर्षी तू माझ्याकडे पहिल्यांदा कशी आलीस? सगळ्या वर्गाची पुस्तकं नवी कोरी होती. तुझं एकटीचं जुनं, शेजारच्या ताईकडून आणलेलं, खाकी कागदाचं कव्हर घातलेलं. मी आनुवंशिकतेचा धडा संपवला आणि तू हात वर केलास. "मॅडम, माझ्या पुस्तकात पुढे अजून पानं आहेत. यांच्यात नाहीत." मी म्हटलं, सीबीएसई बोर्डानं उत्क्रांतीचा भाग काढून टाकलाय, परीक्षेला नाही. तू खाली बसली नाहीस. म्हणालीस, "परीक्षेला नाही म्हणजे खरा नाही का?" पोरं हसली. मला मात्र कुणीतरी झोपेतून उठवावं तसं झालं. अकरा वर्षं शिकवत होते, पण असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि मीही स्वतःला विचारला नव्हता.

मग आपले शनिवार सुरू झाले. शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत तू, तुझ्या वर्गातला प्रितम आणि आणखी चार-पाच जण. दिघीच्या आपल्या शाळेत पंखाही धड फिरत नव्हता, पण तुम्ही हलायला तयार नसायचात. लाखो वर्षं म्हणजे किती, हे समजावं म्हणून आपण दोरीला गाठी मारत व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेलो होतो, आणि माणसाची गाठ कुठे मारायची म्हटल्यावर दोरी संपली होती. तू घरी जाऊन आईला सांगितलंस, तर आई म्हणाली, "म्हंजे देव न्हाई का मग?" तू तो प्रश्न जसाच्या तसा माझ्याकडे आणलास. मी सांगितलं, देवाचं मला माहीत नाही, माझ्या देव्हाऱ्यात रोज दिवा लागतो, पण हाडं काय सांगतात ते मी तुला दाखवू शकते. त्यावर तुझ्या आईनं निरोप धाडला होता, "मंग हरकत न्हाई, शिक." तुझ्या आईला जे दोन वाक्यांत पटलं, ते इतरांना पटवायला आपल्याला विज्ञान प्रदर्शन पुरलं नाही.

प्रदर्शनातला तो तक्ता कुणी सुचवला? मी. माणसाचा हात, वटवाघळाचा पंख, घोड्याचा पुढचा पाय आणि देवमाशाचा पर, चौघांतही हाडांची तीच मांडणी. देवमासा तुला जमत नव्हता म्हणून तो मी माझ्या हातानं काढला. काय बोलायचं, कुठे थांबायचं, तेही मीच पाठ करून घेतलं. पण त्या दिवशी तुझ्या तोंडून जे निघालं ते मात्र तुझं एकटीचं होतं. मोटारीच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेले ते पालक तक्त्यासमोर उभे राहून म्हणाले, "बाळ, एका गाडीत हजारो पार्ट असतात. आपोआप जुळतात का? कुणीतरी डिझाइन करतं. मग डोळा, मेंदू, हे आपोआप झालं म्हणतेस?" तू जरा विचार केलास आणि अगदी साधेपणानं म्हणालीस, "पण काका, गाडीला पिल्लं होत नाहीत." सगळं दालन हसलं. मी सगळ्यांत मोठ्यानं हसले. त्या हसण्यानं काय होणार आहे हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसायला हवं होतं. आधी बघायचं, मग बोलायचं, असं तुला शिकवणारी मी.

संध्याकाळपर्यंत पालकांच्या ग्रुपवर व्हिडिओ फिरला. शाळेत देव नाही असं शिकवतात, मुलीला मोठ्यांशी उद्धट बोलायला शिकवतात, काढून टाकलेला धडा चोरून शिकवतात. कुणी म्हणालं, शिकवायचंच तर दोन्ही बाजू शिकवा, सृष्टी कुणीतरी घडवली हेही शिकवा. सोमवारी संस्थेची बैठक बसली. तुला वाटत आलंय की त्या बैठकीत मी तुझ्यासाठी भांडले. स्वप्नाली, इथून पुढचं नीट वाच.

सकाळी दहाला मला आत बोलावलं. अध्यक्ष अर्जुनराव होते, मुख्याध्यापक होते. अर्जुनराव ओरडले वगैरे नाहीत. त्यांनी मला आधी पाणी दिलं. मग म्हणाले, "बाई, आमी सोताची जमीन दिली ती पोरं शिकावी म्हनून. मला ह्यातलं काय कळत न्हाई. येवढंच सांगा, हे पोरीनं मनानं केलं का तुमी सांगितलं? तुमी सांगितलं आसंल तर तसं सांगा, मी निस्तरतो." बघ, त्यांनी वाट ठेवली होती. निस्तरतो म्हणाले होते. पण त्या वर्षी मी कायम होणार होते. अकरा वर्षं दर जूनला नवी ऑर्डर मिळेल की नाही या धास्तीत काढलेली, आणि फाइल त्यांच्याच टेबलावर होती. मी म्हणाले, "तिनं मनानं केलं. मला तक्त्याची कल्पना नव्हती." मुख्याध्यापकांनी कागद पुढे केला. मी ते लिहून दिलं. दोन ओळी होत्या. खाली सही केली, तारीख घातली.

अकराला तुला बोलावलं. तू काय सांगितलंस ते मला मुख्याध्यापकांनी बाहेर येऊन सांगितलं, बरं वाटावं म्हणून. "काळजी करू नका, पोरीनं तुमचं नाव घेतलं नाही. सगळं मीच केलं म्हणाली." पंधरा वर्षांची तू मला वाचवायला खोटं बोललीस. तुला ठाऊक नव्हतं की मी तासाभरापूर्वीच स्वतःला वाचवून बसले होते. दार दहा पावलांवर होतं. तुझे बाबा पहिली शिफ्ट संपवून कारखान्यातल्या प्रेस शॉपच्या कपड्यांतच येईपर्यंत, म्हणजे दुपारी साडेतीनपर्यंत, ते दार उघडं होतं. मी मध्ये दोन तास घेतले. नववीला ध्वनीचं परावर्तन शिकवलं. तुझे बाबा हात जोडून उभे होते, "लेकरू हाय साहेब, चुकलं," म्हणत होते, ते मी जिन्यावरून ऐकलं. आणि खाली आले नाही.

तुझ्या हातात शाळा सोडल्याचा दाखला ठेवला, दहावीच्या ऐन डिसेंबरात. गेटपाशी तू रडत नव्हतीस, मी रडत होते. तू माझे डोळे बघून म्हणालीस, "मॅडम, तुम्ही नका ना त्रास करून घेऊ." आणि मी तुला जवळ घेऊन म्हणाले, "मी खूप प्रयत्न केला गं." कागदावरचं खोटं भीतीपोटी होतं, ते मी कधीकाळी स्वतःला माफ करीनही. पण गेटवरच्या खोट्याची मला काहीच गरज नव्हती. ते मी फक्त तुझ्या नजरेत चांगली राहावी म्हणून बोलले.

त्यानंतर दर पाच सप्टेंबरला तुझा मेसेज आला. "माझ्या बाजूनं उभ्या राहिलेल्या एकमेव मॅडमना." वर्ष वाया गेलं, मग तू सतरा नंबरचा फॉर्म भरून घरून दहावी केलीस. राज्य बोर्डाच्या पुस्तकात तो धडा पहिलाच निघाला म्हणून फोनवर किती हसलीस! मीही हसले आणि फोन ठेवून मोरीत जाऊन नळ सोडून बसले. अकरावीला सायन्स का नाही घेतलंस, असं मी विचारलं तेव्हा म्हणालीस, "प्रयोगशाळेच्या दारापर्यंत जाते आणि मागे फिरते, मॅडम." बाकी सगळं मी सहन करू शकले, हे नाही. अठरा पूर्ण होताच तू कंपनीत लागलीस. मी कायम झाले. यंदा पर्यवेक्षकाचं पद मिळालं. त्याचं अभिनंदनही पहिलं तुझंच आलं.

आणि आता तुझा हा मेसेज. तुझ्या धाकट्या बहिणीला, पिंकीला, आमच्या शाळेत आठवीला घालायचंय, येत्या शनिवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिला घेऊन येतेस. "शाळेनं माझं काही केलं असेल, पण तुम्ही आहात ना तिथे. तिला फक्त तुमच्या हाताखाली द्यायचंय." प्रवेशाच्या टेबलावर यंदा मीच बसते, स्वप्नाली. तू फॉर्म माझ्याच हातात दिला असतास आणि मी तो घेतला असता, हसून, पिंकीच्या डोक्यावरून हात फिरवून. मला माझी खात्री आहे, म्हणूनच शनिवारच्या आत हे पत्र उद्या सकाळी तुझ्या खोलीच्या पत्त्यावर स्वतः देऊन येणार आहे, तू शिफ्टला गेलेली असताना, कारण तुझ्यासमोर उभं राहण्याचं बळ अजूनही नाही. काल मी अर्जुनरावांच्या घरी जाऊन खरं काय ते लेखी दिलं. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि एवढंच म्हणाले, "आता देऊन काय उपेग, बाई?" पुढे माझं काय करायचं ते ठरवतील. पिंकीला शाळेत घाल, या शाळेत घाल नाहीतर दुसऱ्या. तिला प्रश्न पडत असतील तर पडू देत. फक्त माझ्या भरवशावर तिला कुठे सोडू नकोस.

तुझीच, तुला हे आता चालत नसलं तरी,
तनुजा