माझ्या कार्डावरचं भौतिकशास्त्र

बाबा,

लायब्ररीतून मेसेज आला, की मी भौतिकशास्त्राची तीन पुस्तकं नेली आहेत. माझी प्रगती वाचून मला भरून आलं. मुदत वाढवून घेतली आहे.

सोमवारी तुमची लिफ्ट सुपरवायझरची परीक्षा आहे, हे मला माहीत नाही. मागच्या वेळचा निकालही मी कपाटातल्या कागदाखाली पाहिलेला नाही. तरी टॅबवर बलाच्या धड्याचे सोपे व्हिडिओ उघडून ठेवलेत. लायब्ररीच्या साइटवर जुन्या प्रश्नपत्रिकाही आहेत.

बाथरूममध्ये नळ सोडून व्हिडिओ ऐकत बसू नका, टाकी रिकामी होते. मी आणि आई सातपर्यंत मावशीकडे आहोत. आम्ही येतोय याची मावशीला अजून कल्पना नाही. आवाज खुशाल मोठा ठेवा.

आल्यावर एक धडा मला समजावून सांगा. कार्ड माझं आहे, थोडं तरी मला यायला हवं.