पालथ्या मामाचे आकडे

प्रिय घुम्या,

फोन बंद ठेवलायस, म्हणून पत्र. तुझ्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं, फक्त भिंत मध्येच उठून जात नाही, असं अप्पा म्हणायचे. बेकरीच्या माळ्यावर राहायला गेलायस हे तुझ्या मालकांकडून कळलं. भट्टीच्या वर झोपतोस म्हणे. उकडत असेल.

माझं बरं आहे. बरं म्हणजे, काही वाटत नाही. सकाळी उठते, सवयीने जास्तीचा चहा टाकते, उरलेला बेसिनमध्ये ओतते. अप्पांच्या पलंगावरची चादर बदलली, त्यांचे चष्मे एका खोक्यात भरले, हाताला काही जड लागलं नाही. आत्या म्हणते, रडून घे गं एकदा. रडणं म्हणजे काय नळ आहे, सोडला की आला?

माझं काम काय असतं ते तू कधी विचारलं नाहीस, आज ऐकून घे. आमच्या ऑफिसात म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात घालायची लॉकेटं बनतात. माणूस पडला की लॉकेट आपोआप घरात बसवलेल्या यंत्राच्या डब्याला कळवतं आणि डबा फोन वाजवतो. लॉकेटच्या आत नखाएवढी अँटेना असते. ती कुठल्या दिशेला किती जोर लावते हे आधी कॉम्प्युटरवर बघतात, आणि त्यातून दिशा-दिशांचे आकडे काढून तक्ते करणं हे माझं काम. माणसाचं अंग अँटेनाच्या रेडिओलहरी पिऊन टाकतं, त्यामुळे कॉम्प्युटरमध्ये एक माणूसही असतो. टकला, उघडाबंब, तुझ्यासारखा गप्प. आम्ही त्याला मामा म्हणतो. मामाला आम्ही उभा केला, खुर्चीत बसवला, उताणा झोपवला. दर वेळी आकडे छान आले. मग मीच एक लॉकेट अप्पांसाठी घरी आणलं. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस तो. म्हणाले, बटण दाबलं की कुणीतरी येतंच, असं लिफ्टमध्ये न अडकलेल्यांनाच वाटतं. तरी माझं मन मोडायला नको म्हणून घातलं. दिवसा घरी तू असतोस, म्हणून नंबर तुझा टाकला.

ते स्वयंपाकघरात पडले, भर दुपारी, पालथे. मी ऑफिसात, तू रात्रपाळी करून वरच्या खोलीत झोपलेला. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर. एवढंच म्हणाले, पुढचं आमच्यावर सोडून दिलं. आणि त्या दवाखान्याच्या बोळात, सगळ्यांदेखत, तू म्हणालास की फोन वाजला होता, मी ऐकला आणि कूस बदलून झोपलो. आत्याने तुझं तोंड बघणार नाही म्हणून सांगितलं. मला वाटलं, राग नंतर येईल.

तो आला नाही. म्हणून मी कामाला लागले. फोन वाजल्याची नोंद बघावी, तर तुझा फोन तू घेऊन गेलास आणि डबा स्वस्तातला, तो काही लक्षात ठेवत नाही. मग मामाला पालथा घातला. खाली फरशी, छातीखाली लॉकेट. हे आमच्यापैकी कुणी कधी केलंच नव्हतं. पडणारा माणूस आमच्या सोयीने उताणाच पडणार, असं सगळ्यांनी धरून चाललेलं. खरं सांगू? मला तुझ्यावर धड चिडायचं होतं आणि त्यासाठी पुरावा हवा होता. आकडे काढले, कुठल्या दिशेला किती जोर त्याचं चित्र काढलं. चित्र अगदी गुटगुटीत, डब्याच्या दिशेला तर भरपूर. म्हणजे संदेश गेला, फोन वाजला, तू झोपून राहिलास. मी फाइल बंद केली आणि जेवायला गेले. वरण सपक होतं, ते संपवलं.

परवा दुसऱ्याच एका कामाचा तक्ता करताना लक्षात आलं. वेगळं सांगितलं नाही तर ते सॉफ्टवेअर सगळ्यात जोरदार दिशेला पैकीच्या पैकी देतं आणि बाकीच्या दिशा तिच्यावरून मोजतं. अख्खा वर्ग नापास झाला तरी पहिला नंबर कुणाचातरी येतोच ना, तसं. मी नुसता आकार बघत बसले होते, जोर बघितलाच नव्हता. मग पालथ्या मामाचे खरे आकडे काढले, अंगाने आणि फरशीने प्यायलेलं सगळं वजा करून. हाती काहीच उरलं नाही. विश्वास बसेना म्हणून पुन्हा सगळं पहिल्यापासून चालवलं, तेच. त्या दुपारी त्या लॉकेटचा संदेश स्वयंपाकघराच्या दारापर्यंतसुद्धा पोचला नसता, डबा तर बाहेरच्या खोलीत.

तुझा फोन वाजलाच नव्हता, घुम्या. वाजणं शक्यच नव्हतं. हे कळलं आणि मग आठवलं की तू बोललास त्याच्या आधी आत्या काय विचारत होती. गळ्यातलं हे यंत्र आणलं कुणी, आणि मेलं वाजलं कसं नाही, असं म्हणत ती माझ्याकडे वळत होती. विचारल्याशिवाय कधी तोंड न उघडणारा तू, नेमका तेव्हा बोललास. गाढवा, तुला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला? ऑफिसात मी आकडे दिलेत, विकलेली लॉकेटं परत मागवा म्हणून लिहूनही दिलंय. त्यांना जे करायचं ते करू देत. आत्यालाही सगळं सांगितलं. ती म्हणाली, आणि मी त्या पोराला काय काय बोलले गं. हे पत्र तुझ्या मालकांच्या हाती वर पाठवतेय. तू वाचत असशील तेव्हा आम्ही दोघी खाली दुकानात उभ्या असू. खाली ये.

अजूनही तुझीच,
ताई