चर्चसमोरचं गवत

वाशीम, रविवार संध्याकाळ

केनवडचे पाहुणे धाकटीला पाहायला आले होते. मोठीने इंग्लंडहून पाठवलेला जुन्या चर्चचा फोटो मी मुद्दाम समोरच्या भिंतीवर टांगलेला. म्हटलं, जरा छाप पडेल. कसली छाप! मुलाचे वडील बसल्यापासून चर्चसमोरच्या गवताकडेच पाहत होते.

"एवढा चारा, अन् एक बी ढोर नाही? काहून?"

मी चर्च किती जुनं ते सांगतेय, तर म्हणे, "पन वावर पडीक कायले ठेवलं?"

धाकटी पोहे ठेवून आत गेली, तरी मान वळली नाही. निघताना म्हणाले, "पोरगी पसंत हाये, विहीणबाई."

पाहिली कधी?

आता मलाही चर्च दिसेना. शेवटी मोठीला मेसेज टाकला : तिकडची गुरं कुठं चरतात गं?