डोंगरावर चढलेलं जहाज

प्रिय बाबा,

मी मजेत आहे. फोनच्या नकाशावर आमचं जहाज डोंगरावर दिसलं तरी घाबरू नका. कुणीतरी उपग्रहाचे संकेत बिघडवतंय. कोण, ते नौदलालाही सांगता येईना. आम्ही पाण्यातच आहोत, बहुतेक.

वर्षभर समुद्राच्या तळाशी, एका बुडालेल्या खडकावर ठेवलेलं मोजणीचं यंत्र शुक्रवारच्या आत उचलायचंय, पण जागाच सापडेना. कप्तानबाई म्हणाल्या, "रागना, तुझा बाप याच खडकावर कॉड मासे धरायचा ना? विचार त्याला."

चर्चचा कळस कुठल्या सुळक्याच्या रेषेत आला की गळ टाकायचा, हे तुम्ही सख्ख्या भावालाही सांगितलं नाहीत. मी हसायचे तुम्हाला.

गुडघा कसा आहे?

ती खूण चिठ्ठीत लिहून, हे पत्र आणणाऱ्या बोटीबरोबरच परत पाठवा. वायरलेसवर सगळे ऐकतात. कप्तानबाईंनाही सांगणार नाही. सुकाणू मीच धरेन.

तुमची,
रागना