आबांची सही

न्हावरे, मंगळवार, ९ मार्च १९९९

सखाराम आबा संध्याकाळी सातबारा घेऊन आले. पुतण्यानं खोटं गहाणखत करून त्यांच्या जमिनीवर बोजा चढवलाय. तलाठी म्हणाला, कागदावर तुमचा अंगठा हाय.

"मी अंगठा देतो व्हय रं? साक्षरतेच्या वर्गात तूच सही शिकवलीस ना? उद्या शिरूरला चल, फौजदाराला तेवढं सांग."

व्हय म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

त्या कागदावर साक्षीदार म्हणून माझीच सही हाय. पुतण्या मोटारसायकलवर शिरूरला नेत होता, मला नुसतं फिरायचं होतं. अंगठा आधीच उठवलेला होता. कुणाचा, ते विचारलं न्हाई. येताना उसाचा रस प्यालो, तो मात्र चांगला आठवतो.

आबा सांगत होते, "वकील म्हणतो, सात वर्षं आत जाईल. साक्षीदार बी सुटायचा न्हाई. कोण हाय ते उद्या नक्कल मिळाली की कळंल."

नक्कल मिळायच्या आत मीच सांगावं का? तोंड उघडंल का पण?

जाताना त्यांनी माझ्या वहीत सही करून दाखवली, बरोबर येती का बघ म्हणून. ती ह्याच पानावर वर हाय. तिच्याखाली मी लिहितोय, त्या अंगठ्याखाली लिहिलं होतं तसंच.